एसएससी जेई (सिव्हिल): पहिल्यांदा बसणाऱ्यांनी तयारी कशी करावी

महाराष्ट्रात एसएससी म्हटलं की दहावी डोळ्यांपुढे येते. इथे एसएससी म्हणजे केंद्र सरकारचा कर्मचारी निवड आयोग आणि जेई म्हणजे कनिष्ठ अभियंता. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग, सैन्य अभियांत्रिकी सेवा, सीमा रस्ते संघटना, केंद्रीय जल आयोग अशा खात्यांतली कनिष्ठ अभियंत्यांची पदं या परीक्षेतून भरतात. पुण्याजवळ खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रही त्यात येतं. वेतन सातव्या आयोगाच्या सहाव्या स्तराचं, म्हणजे मूळ पगार ३५,४०० रुपयांपासून सुरू. नेमणूक देशात कुठेही होऊ शकते, हे घरी आधीच बोलून ठेवावं.

पुढचं सगळं सिव्हिलचा डिप्लोमा किंवा पदवी झालेल्यांना धरून लिहिलं आहे. इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलवाल्यांना तांत्रिक विषय सोडून बाकीचं जसंच्या तसं लागू पडेल.

आधी गुणांचा हिशेब

पेपर दोन, दोन्ही संगणकावर आणि दोन्ही पर्यायी उत्तरांचे. पहिल्या पेपरला २०० प्रश्न, २०० गुण, २ तास. त्यात बुद्धिमत्ता चाचणी ५०, सामान्य ज्ञान ५० आणि अभियांत्रिकी १००. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. दुसऱ्या पेपरला १०० प्रश्न, ३०० गुण, २ तास, सगळे प्रश्न आपल्या शाखेचे. एका बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीला १ गुण वजा. पहिल्या पेपरच्या गुणांवर दुसऱ्यासाठी निवड होते आणि शेवटची गुणवत्ता यादी दोन्हींच्या बेरजेवर लागते. म्हणजे एकूण ५०० गुणांपैकी ४०० गुण सिव्हिलचे. नवखे उमेदवार पहिले दोन महिने चालू घडामोडींच्या मासिकांत घालवतात, त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

दुसरा आकडा वेळेचा. पहिल्या पेपरला एका प्रश्नाला ३६ सेकंद मिळतात, दुसऱ्याला ७२. एवढ्या वेळात लांबलचक गणित कुणी विचारत नाही. डिप्लोमाच्या पातळीचं, एका सूत्राचं किंवा एका व्याख्येचंच विचारतात. म्हणून इथे अवघड पुस्तकं वाचून फायदा नाही. सोपं तेच इतक्या वेळा घोटावं लागतं की प्रश्न वाचता वाचता उत्तर सुचलं पाहिजे.

पहिलं काम: न वाचता एक जुना पेपर

पुस्तक उघडण्याआधी मागच्या तीन-चार वर्षांतला एक पहिला पेपर घड्याळ लावून पूर्ण सोडवा. गुण किती आले याला या टप्प्यावर महत्त्व नाही. प्रत्येक प्रश्नापुढे चारपैकी एक खूण करा: आलं, माहीतच नव्हतं, माहीत असून चुकलं, वेळ पुरला नाही. ही विभागणी विषयवार मांडली की आपला अभ्यासक्रम तयार होतो. साईटवर काम करणाऱ्यांचं बांधकाम साहित्य आणि एस्टिमेट चांगलं निघतं, पण थिअरी ऑफ स्ट्रक्चर्स कोरं असतं. नुकत्याच पास झालेल्यांचं बहुधा उलट. दोघांनी एकच वेळापत्रक वापरण्यात अर्थ नाही.

भाषेचाही निर्णय इथेच करा. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी मुलांना हिंदी जवळची वाटते, पण शिअर फोर्सला तिथे ‘अपरूपण बल’ म्हणतात आणि आपण कॉलेजात तो शब्द कधी ऐकलेलाही नसतो. तांत्रिक भाग इंग्रजीतूनच वाचायची सवय ठेवा.

विषय कोणत्या क्रमाने घ्यावेत

नोकरी सांभाळून रोज अडीच तास आणि रविवारी सहा तास मिळत असतील, तर साधारण सहा महिने धरा. पूर्ण वेळ असेल तर साडेतीन-चार महिन्यांत भागतं.

बांधकाम साहित्य आणि काँक्रीट टेक्नॉलॉजी एकत्र घ्या, लगेच सर्व्हेइंग. या तिन्हींत पाठांतर जास्त, गणित कमी, आणि गुण लवकर हाती लागतात. त्यानंतर थिअरी ऑफ स्ट्रक्चर्स, तिच्याच पाठोपाठ आरसीसी आणि स्टील. हा क्रम मोडू नका. बेंडिंग मोमेंटची आकृती डोक्यात पक्की नसेल, तर बीममध्ये सळई खाली का आणि कँटिलिव्हरला वर का, हे पाठ करावं लागतं आणि पाठ केलेलं परीक्षेत उलटं होतं. तिसऱ्या टप्प्यात सॉइल मेकॅनिक्स, हायड्रॉलिक्स आणि इरिगेशन. शेवटी ट्रान्सपोर्टेशन, एन्व्हायर्न्मेंटल आणि एस्टिमेटिंग. हे तीन विषय बरेच जण ‘नंतर वाचू’ म्हणत सोडून देतात. ट्रान्सपोर्टेशनमध्ये रेल्वेही येते हे लक्षात राहत नाही, आणि ब्रॉड गेज १,६७६ मिलिमीटर हा फुकटचा गुण जातो.

एका विषयाला एकच पुस्तक. कॉलेजचं चालेल. त्याच्या जोडीला मागच्या प्रश्नांचा विषयवार संच. एक धडा वाचला की त्याच दिवशी त्यावरचे जुने प्रश्न सोडवायचे. दोन तास व्हिडिओ बघून अभ्यास झाल्यासारखं वाटतं, पण हात चाललेला नसतो. एक तास व्हिडिओ पाहिला तर किमान दीड तास प्रश्न, हे प्रमाण ठेवा.

सूत्र पाठ करण्याआधी त्याचा आकडा उलगडा

इरिगेशनमधलं ड्यूटी-डेल्टाचं सूत्र घ्या: डेल्टा = ८.६४ × बी ÷ डी. यात बी म्हणजे दिवस, डी म्हणजे ड्यूटी, एका क्युमेकवर भिजणारं हेक्टर क्षेत्र, आणि उत्तर, म्हणजे पिकाला लागणाऱ्या पाण्याची उंची, मीटरमध्ये. पाठ करणारे परीक्षेत अडखळतात: ८.६४ की ८६४? मीटर की सेंटिमीटर? आता उलगडून बघा. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला १ घनमीटर. एका दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणून ८६,४०० घनमीटर पाणी. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. एका हेक्टरवर ते पाणी पसरलं तर ८.६४ मीटर उभं राहील. तेच डी हेक्टरवर पसरलं तर डी ने भागायचं, बी दिवस चाललं तर बी ने गुणायचं. झालं. पिकाचा कालावधी १२० दिवस आणि ड्यूटी १,७२८ असेल, तर ८.६४ × १२० = १,०३६.८, भागिले १,७२८, उत्तर ०.६ मीटर. पर्यायांत ६ सेंटिमीटर, ६० सेंटिमीटर, ६ मीटर असं सगळं दिलेलं असतं, आणि युनिट समजलेला उमेदवारच तिथे वाचतो.

तसंच सुपरएलिव्हेशन, म्हणजे वळणावर रस्त्याला दिलेला आडवा उतार. घर्षण सोडून दिलं तर वेगाचा वर्ग भागिले १२७ आर, आर म्हणजे वळणाची त्रिज्या. मग २२५ आर कुठून आलं? मिश्र वाहतुकीसाठी डिझाइन वेगाच्या ७५ टक्केच वेग धरतात. ०.७५ चा वर्ग ०.५६२५, आणि १२७ भागिले ०.५६२५ म्हणजे जवळपास २२५. प्रश्नात ‘मिश्र वाहतूक’ हे शब्द आहेत की नाहीत, यावर कोणतं सूत्र घ्यायचं ते ठरतं.

सॉइलमधला नेहमीचा सापळाही बघून ठेवा. माती पूर्ण संपृक्त आहे, पाण्याचं प्रमाण २० टक्के, जी (विशिष्ट गुरुत्व) २.७. व्हॉइड रेशो ०.२ × २.७ = ०.५४. हे उत्तर पर्यायांत पहिलंच असतं आणि घाईत त्यावर क्लिक होतं. प्रश्न मात्र पोरॉसिटी विचारत असतो: ०.५४ भागिले १.५४, म्हणजे ०.३५. प्रश्नातला शेवटचा शब्द दोनदा वाचायची सवय सरावातच लावावी लागते.

कोड कोणत्या सालचा, हे पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका

जुने प्रश्नसंच वापरताना सर्वात जास्त घोळ इथे होतो. कोड म्हणजे आयएस, भारतीय मानकं. काँक्रीटचा इलॅस्टिक मॉड्युलस १९७८ च्या आयएस ४५६ मध्ये ५,७०० गुणिले एफसीकेचं (काँक्रीटच्या ठरलेल्या मजबुतीचं) वर्गमूळ होता. २००० च्या आवृत्तीत तो ५,००० गुणिले वर्गमूळ झाला. एम २५ साठी पहिल्याने २८,५०० येतात, दुसऱ्याने २५,०००. दोन्ही पर्यायांत असतात, आणि बाजारातल्या काही संचांत अजूनही जुनंच उत्तर छापलेलं दिसतं. स्टीलमध्ये तर मुळातच फरक आहे: आयएस ८०० ची १९८४ ची आवृत्ती वर्किंग स्ट्रेसवर उभी होती, २००७ ची लिमिट स्टेटवर. सिमेंटच्या ३३, ४३ आणि ५३ ग्रेडचे तीन वेगळे कोड २०१५ मध्ये आयएस २६९ मध्ये एकत्र आले.

म्हणून आकड्यांची एक वेगळी वही करा, दोनशे पानी, आणि प्रत्येक आकड्यापुढे कोड आणि साल लिहा. ओपीसीचा (साध्या पोर्टलँड सिमेंटचा) सुरुवातीचा सेटिंग टाइम ३० मिनिटांपेक्षा कमी नको, शेवटचा ६०० मिनिटांपेक्षा जास्त नको. ९० मायक्रॉनच्या चाळणीवर अवशेष १० टक्क्यांच्या आत. आरसीसीला किमान एम २०. स्लॅबमध्ये एचवायएसडी (जास्त ताकदीच्या, खाचा असलेल्या) सळईचं किमान प्रमाण ०.१२ टक्के, माइल्ड स्टीलचं ०.१५. कॉलममध्ये ०.८ ते ६ टक्के, चौकोनी कॉलमला किमान ४ सळया, गोल कॉलमला ६, व्यास किमान १२ मिलिमीटर. कव्हर कॉलमला किमान ४०, फूटिंगला किमान ५० मिलिमीटर. कॉम्प्रेशन मेंबरचा स्लेंडरनेस रेशो कमाल १८०, कायम टेन्शनमध्ये असलेल्या मेंबरचा कमाल ४००. पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५, क्लोरिनचा किमान अवशेष ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर.

ही वही रोज झोपण्याआधी वीस मिनिटं. लिहिताना ‘किमान’ की ‘कमाल’ हा शब्द सोडू नका. आकडा लक्षात राहतो आणि हा शब्द विसरतो, मग गुण तिथेच जातो.

हाताने आकडेमोड

पहिल्या पेपरला कॅल्क्युलेटर मिळत नाही, त्यामुळे सरावात मोबाईलला हात लावू नका. १ ते ३० चे वर्ग, २, ३, ५ आणि १० ची वर्गमुळं, आणि १/७, १/९, १/१२ यांचे दशांश तोंडपाठ हवेत. सळईचं वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२: १२ मिलिमीटरसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला ०.८९ किलो. पुष्कळदा पूर्ण उत्तर काढायचीही गरज नसते, पर्याय ०.३९, ०.६२, ०.८९ आणि १.५८ असतील, तर १४४ हे १६२ पेक्षा थोडं कमी, एवढं पुरतं.

अंदाज कधी मारावा

याचंही गणित करता येतं. पहिल्या पेपरात चारही पर्याय सारखेच अनोळखी असताना उत्तर दिलं, तर सरासरी ०.०६ गुण पदरात पडतो. असे १६ प्रश्न ठोकले तेव्हा कुठे १ गुण. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं, तर तोच आकडा ०.१७ होतो. दुसऱ्या पेपरात चारही अनोळखी असतील तर सरासरी फायदा शून्य, एक पर्याय कटला तर ०.३३, दोन कटले तर पूर्ण १ गुण. दुसऱ्या पेपरात दोन पर्याय कटले असताना प्रश्न कोरा सोडणं हे नुकसान आहे. आणि काहीच माहीत नसताना ठोकण्यात वेळ घालवणं हेही.

पहिल्या पेपराचे बाकीचे १०० गुण

बुद्धिमत्ता चाचणीला रोज ४० मिनिटं, २५ प्रश्न, वेळ लावून. सिरीज, कोडिंग, रक्तसंबंध, आकृत्या हेच प्रकार फिरून फिरून येतात. सामान्य ज्ञानात मात्र किती खोल जायचं हे ठरवून घ्या. राज्यघटना, इतिहास, भूगोल आणि शालेय विज्ञान यांचा एक संक्षिप्त संच, आणि मागच्या सहा-आठ महिन्यांच्या घडामोडी. राज्यसेवेसारखी तयारी करू नका. इथे येतं ते येतं, नाही ते पाच सेकंदांत पुढे.

सराव पेपर आणि चुकांची वही

निम्मा अभ्यासक्रम झाला की आठवड्याला एक पूर्ण सराव पेपर, शेवटच्या सहा आठवड्यांत दोन किंवा तीन. पेपरला दोन तास लागले तर तपासायला तीन तास ठेवा. प्रत्येक चुकीचं कारण एका ओळीत लिहा: ‘युनिट बदललं नाही’, ‘डायमीटरच्या जागी रेडियस’, ‘नॉट हा शब्द वाचला नाही’. पाच-सहा पेपरांनंतर तीच तीन-चार कारणं पुन्हा पुन्हा येताना दिसतात, आणि ती गेली की नवीन काही न वाचताही गुण वाढतात.

पहिल्या पेपरला वेळेची एक कामाची वाटणी अशी: सामान्य ज्ञान १३ मिनिटं, बुद्धिमत्ता ३५, अभियांत्रिकी ६०, उरलेली १२ मिनिटं खूण केलेल्या प्रश्नांना. अभियांत्रिकी शेवटी ठेवणाऱ्यांचे सोपे तांत्रिक प्रश्न वेळेअभावी राहतात, तेव्हा क्रम सराव पेपरांतच ठरवा. परीक्षेच्या दिवशी नवा क्रम नको.

आणि पहिला पेपर झाला की निकालाची वाट बघत बसू नका. दुसरा पेपर ३०० गुणांचा आहे. आरसीसी, स्टील आणि स्ट्रक्चर्स तिथे जास्त खोलात येतात. उत्तरसूचीशी ताळा करून उत्तरं बरी आली असतील, तर दुसऱ्याच दिवशी ७२ सेकंदांच्या हिशेबाने सराव सुरू करावा.

अर्ज: अभ्यास करूनही उमेदवार इथे बाहेर पडतात

आयोगाच्या संकेतस्थळावर आधी एकदाच करायची नोंदणी असते, मग त्या परीक्षेचा अर्ज. फी १०० रुपये. महिला, अनुसूचित जाती, जमाती, दिव्यांग आणि माजी सैनिकांना माफ. शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळ अडतं, म्हणून पहिल्या आठवड्यात अर्ज भरून मोकळे व्हा.

महाराष्ट्रातल्या उमेदवारांची नेहमीची अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच हवं. आधारवर स्पेलिंग वेगळं असेल, तर जाहिरात येण्याची वाट न बघता आताच दुरुस्त करून घ्या.

दुसरी अडचण प्रवर्गाची. राज्याच्या भरतीसाठी काढलेलं नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र इथे पुरत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. व्हीजेएनटी, एसबीसी असे वेगळे प्रवर्ग केंद्राच्या अर्जात नसतात. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघायचं. असेल तरच ओबीसी. एसईबीसी हाही राज्याचा प्रवर्ग आहे. केंद्राच्या ओबीसी यादीत नसलेल्या आणि निकषांत बसणाऱ्या उमेदवारांना ईडब्ल्यूएसचा रस्ता आहे, त्याचंही प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि जाहिरातीत सांगितलेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर. तहसीलमध्ये याला कधी कधी महिनाही लागतो, तेव्हा हे काम अभ्यासाच्या पहिल्याच महिन्यात उरका.

पात्रताही खातेनिहाय बदलते. वयाची मर्यादा काही खात्यांत ३०, काहींत ३२. सैन्य अभियांत्रिकी सेवा आणि सीमा रस्ते संघटनेत डिप्लोमावाल्यांकडे दोन वर्षांचा अनुभव मागतात. साईटवर काम करत असाल तर अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, तारखांसह, मालक खूश असतानाच घेऊन ठेवा.

परीक्षेचा दिवस

प्रवेशपत्राची छापील प्रत, फोटो आणि मूळ ओळखपत्र. ओळखपत्रावर पूर्ण जन्मतारीख हवी. तुमच्या आधारवर नुसतं जन्मसाल असेल, तर दहावीचं प्रमाणपत्र किंवा तारीख असलेला दुसरा मूळ कागद सोबत न्या. केंद्र शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतही असू शकतं, आदल्या दिवशी रस्ता बघून या. फाटक बंद व्हायची वेळ प्रवेशपत्रावर छापलेली असते आणि त्यानंतर कुणालाही आत घेत नाहीत.

आत गेल्यावर कच्च्या कामाच्या कागदावर प्रश्नाचा क्रमांक लिहूनच आकडेमोड करा, म्हणजे परत येऊन तपासताना तीच आकडेमोड सापडते. परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरसूची येते, त्यासोबत तुमची उत्तरपत्रिकाही दिसते. ती लगेच उतरवून छापून ठेवा, ठरलेल्या तारखेनंतर ती उघडत नाही. एखादं उत्तर चुकीचं वाटलं, तर प्रत्येक प्रश्नाची फी भरून आक्षेप घेता येतो. आक्षेपात कोडचा क्रमांक, साल आणि कलम लिहा. आकड्यांच्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे कोड आणि साल लिहिलेलं असेल, तर हा आक्षेप दहा मिनिटांत लिहून होतो.